फेरारीची शुद्ध प्रत

शहापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक डॉक्टर राहत. त्यांच्याकडे फियाट अकराशे होती. रात्री-अपरात्री तिचा आवाज आला की कुणाच्या तरी घरी दुखणे आहे, हे गल्लीला अंथरुणातच कळे. ही गाडी मूळची इटलीची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती आपल्याकडे तयार होई, पुढे तिचेच नाव पद्मिनी झाले, आणि २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईच्या टॅक्सींतून तिने अखेरचा निरोप घेतला. डॉक्टर गेल्यावर त्यांची गाडी कित्येक वर्षे पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी, आता बंगळूरला इंजिनिअर. त्याने ती पुण्याच्या एका कारागिराकडे दिली आणि दीड वर्षाने परत आणली. पत्र्यावर तोंड पाहून घ्यावे असा रंग, नवे रेक्झीन, क्रोमच्या पट्ट्या चकचकीत. गल्ली बघायला लोटली.

डॉक्टरांच्या पत्नी, आमच्या काकू, मोठ्या कौतुकाने पुढच्या सीटवर बसल्या आणि त्यांचा हात सवयीने डॅशबोर्डावर गेला. तिथे डॉक्टरांनी स्वतः गिरमिटाने भोक पाडून पितळेचा बोटभर गणपती स्क्रूने बसवला होता. आता तिथे सपाट रंग होता. भोक पुट्टीने बुजवले होते. मुलगा म्हणाला, “आई, ते ओरिजिनल नव्हतं. कंपनीचं नव्हतं ते.”

काकू काही बोलल्या नाहीत. पण मुलाचे ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. ‘ओरिजिनल’ म्हणजे नेमके काय? मला मोटारींतले काही कळत नाही. अजूनही मी स्कूटरवरून शाळेत जातो. पण एम.ए.ला असताना जुन्या ग्रंथांच्या संहिताचिकित्सेवर एक पेपर होता, आणि मूळ पाठ, पाठभेद, प्रक्षेप या शब्दांशी माझी तेव्हापासूनची ओळख आहे. तो मुलगा फियाटवर थांबलेला नाही. त्याचा खरा जीव जडला आहे जुन्या इटालियन स्पोर्ट्‌स गाड्यांवर. फेरारी, आल्फा रोमिओ, मासेराती, लान्चिया. त्यांतली एकही घेण्याची ऐपत नसताना त्याने पुस्तकांचा आणि लिलावांच्या कॅटलॉगांचा ढीग जमवला आहे. तो ढीग गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने मला वाचायला दिला. वाचता वाचता ध्यानात आले, की ज्ञानेश्वरीच्या प्रतींवरून आपल्याकडे जो वाद झाला तोच वाद हे लोक ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरून घालत आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि पुढे कुणी त्यात भर घालू नये अशी ताकीद दिली. राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथांच्याही मागे जाणारी म्हणून एक प्रत छापली, आणि खरा पाठ कोणता यावर अभ्यासक भांडू लागले. भांडण तेच आहे. फक्त इथे ओवीच्या जागी मडगार्ड आहे.

आधी या गाड्या होत कशा, ते सांगायला हवे. पन्नास-साठच्या दशकांत फेरारीचा मारानेल्लोचा कारखाना मुख्यतः इंजिन आणि सांगाडा घडवी. वरचे अंग घडवणारे कारागीर निराळे. तोरिनोत पिनिन फारिना, मिलानोत तूरिंग आणि झागातो, मोदेनात सेर्जिओ स्काल्येत्ती. स्काल्येत्तीचे काम तर आपल्या तांबटांसारखे. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवायचा, हातोडीने ठोकत आकाराला आणायचा, आणि डोळ्याला बरे दिसेपर्यंत ठोकत राहायचे. आराखड्यापेक्षा नजरेवर त्याचा विश्वास अधिक. साहजिकच अशा गाडीची डावी बाजू उजवीशी तंतोतंत जुळत नाही. बहिणी-बहिणींच्या चेहऱ्यात असतो तेवढा फरक एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत सापडतो. तूरिंगची ‘सुपरलेज्जेरा’, म्हणजे अतिहलकी, नावाची पद्धत वेगळी होती. बारीक पोलादी नळ्यांचा पिंजरा करून त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवायचा. वजन कमी होई, पण पोलाद आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम कुजत जाते. म्हणजे जन्मतःच रोग घेऊन आलेली गाडी.

आता अशी गाडी साठ वर्षांनी जीर्णोद्धाराला आली. रंग खरवडला, पत्रा उघडा पडला, आणि डावा गाल उजव्यापेक्षा बोटभर फुगीर निघाला. काय करायचे? आजच्या कारागिराजवळ मोजमापाची अशी यंत्रे आहेत की तो दोन्ही बाजू केसाच्या अंतरानेही चुकू देणार नाही. पुष्कळांनी तसे केलेही. स्काल्येत्तीच्या हातून जी गाडी कधीच निघाली नव्हती ती त्यांनी घडवली आणि तिला ‘मूळ स्वरूप’ असे नाव दिले. संपादकाने ओवीच्या मात्रा सारख्या करून द्याव्यात, त्यातला हा प्रकार. कॅलिफोर्नियाच्या पेबल बीचला १९५० पासून जुन्या गाड्यांचे प्रदर्शन भरते. तिथल्या हिरवळीवर गाडी उभी करण्यासाठी जो झगमगाट चढवला गेला तो त्या गाड्यांनी कारखान्याच्या दारातसुद्धा पाहिला नव्हता. आपल्याकडे गावोगावच्या काळ्या दगडाच्या देवळांना भाविकांनी ऑइलपेंट फासला, तेव्हा त्यांची भक्तीही खोटी नव्हतीच.

पण कारागिरांना हिणवून हा प्रश्न सुटत नाही. मूळ म्हणावे असे काही सापडले तरच ते जपायचे ना? फेरारी २५० जीटीओ ही या पंथाची पंढरी. १९६२ ते १९६४ या काळात ३६ गाड्या झाल्या. तीन लिटरचे बारा सिलिंडरी इंजिन, सहा वेबर कार्ब्युरेटर, तीनशेच्या आसपास अश्वशक्ती. ही शर्यतीची गाडी; आज नाक बदल, उद्या झरोका पाड, परवा ठोकर लागली म्हणून मडगार्ड नवे घाल, असा तिचा संसार. १९६४ साली जीटीओचे अंगच नव्या घाटाचे झाले, आणि आधीच्या काही गाड्यांनाही हे नवे अंग चढवण्यात आले. २०१८च्या ऑगस्टमध्ये ४ कोटी ८४ लाख डॉलरना विकली गेलेली जीटीओ नेमकी अशीच होती, १९६२ला एक रूप आणि दोन वर्षांनी दुसरे. तिचे नवे अंग उतरवून जुने चढवा, असे कुणी म्हणत नाही. म्हणजे हा प्रक्षेप सर्वमान्य झाला! का? तर तो स्काल्येत्तीच्याच कारखान्यात झाला आणि त्या अंगाने गाडी शर्यती धावली.

याहून बोलके उदाहरण चित्रपट दिग्दर्शक रोबेर्तो रोस्सेलिनी यांच्या गाडीचे आहे. त्यांची १९५४ची ३७५ एमएम मूळची पिनिन फारिनाने घडवलेली, उघड्या टपाची. तिचे नुकसान झाल्यावर स्काल्येत्तीने तिला बंद कूपेचे नवे अंग दिले. पहिला कवी बाजूला राहिला आणि दुसऱ्याने त्याच ध्रुवपदावर नवे पद रचले. २०१४ साली पेबल बीचला हीच गाडी सर्वोत्कृष्ट ठरली; तो मान मिळवणारी ती पहिली फेरारी. मला हा निर्णय योग्य वाटतो. छायाचित्रांतसुद्धा तिच्या पाठीचा उतार पाहताना डोळा निवतो, आणि पिनिन फारिनाचे अंग परत आणण्याच्या हट्टापायी हे पुसले असते तर ते पापच झाले असते. मात्र मग नियम काय उरला?

नियम काय उरला, ते दुसऱ्या एका गाडीने मला दाखवले. नट स्टीव्ह मॅक्क्वीन याची २७५ जीटीबी/४. कारखान्यातून ती बदामी-तपकिरी रंगात आली; त्याने ती आपल्या आवडीच्या गडद लाल रंगाने रंगवून घेतली. पुढे ती इतरांकडे गेली आणि ऐंशीच्या दशकात एका मालकाने तिचे छप्पर कापून तिची उघडी गाडी केली. त्या काळी ही फॅशनच होती. त्यानंतर छप्पर पुन्हा बसवले गेले, आणि शेवटी मारानेल्लोच्या खुद्द फेरारी कंपनीच्या जीर्णोद्धार विभागातून ती सर्वांगाने नीट होऊन आली. २०१४ साली तिला एक कोटी डॉलरच्या वर किंमत आली. आता तिचा रंग कोणता असावा? ‘कंपनीचे तेच खरे’ हा नियम असता तर बदामी. पण रंग दिला गेला तो लाल, मॅक्क्वीनचा.

मी ते पान मिटले आणि मला काकूंचा हात आठवला.

एकाच गाडीवर तीन हात पडले. कारखान्याचा हात पुसून मॅक्क्वीनचा राखला. छप्पर कापणाऱ्याचा हात पुसून कारखान्याचा राखला. प्रत्येक वेळी निवाडा तंत्राच्या नावाने झाला, पण ठरवणारी गोष्ट निराळीच होती. मोठ्या नावाच्या माणसाने फेरफार केला तर तो इतिहास, आणि बिननावाच्या माणसाने केला तर ते नुकसान. छप्पर कापणे मला पसंत नाही, हे आधी सांगून टाकतो. तरीही कुणा अनाम मालकाने वापरलेले रूप मुळातच अशुद्ध, आणि नटाने निवडलेला रंग मात्र जपण्याजोगा, याला संहिताचिकित्सा म्हणत नाहीत. त्याला दरबारी रिवाज म्हणतात.

या रिवाजाचे खरे बळी वेगळेच आहेत. फेरारीने १९६० ते १९६३ या काळात २५० जीटीई नावाची चार जणांच्या बैठकीची गाडी काढली, नऊशेहून अधिक. कुटुंबवत्सल माणसाची फेरारी म्हणा ना. जीटीओसारखेच तीन लिटरचे इंजिन, त्याच घराण्याचा सांगाडा. पण रूप सोज्वळ, आणि म्हणून बाजारात किंमत नाही. जीटीओचे भाव वाढू लागले तेव्हा लोकांनी या जीटीई कापल्या. सांगाडा आखूड केला, इंजिन उचलले, आणि त्यावर जीटीओची नक्कल उभी केली. एक खरी गाडी मारायची आणि तिच्या हाडांतून दुसरीचे खोटे रूप उभे करायचे! यांतली एक जीटीई साठच्या दशकात रोमच्या पोलिसांकडे होती, चोरांचा पाठलाग करायला. ती मात्र टिकली. पोलिसी इतिहासाने तिला वाचवले. बाकीच्यांत कुणी मुलांना शाळेत सोडले असेल, कुणी आजारी आईला गावाहून आणले असेल, त्याची नोंद कोण ठेवणार?

इथे मला माझ्याबद्दलही एक कबुली द्यायला हवी, नाहीतर हे सारे दुसऱ्याच्या घरावर दगड मारल्यासारखे होईल. सत्तावीस वर्षे मी मराठीचे पेपर तपासतो आहे. आमच्या भागातली मुले ‘करायलोय’, ‘जायलोय’ लिहितात. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हींची सरमिसळ वाक्यात येते. मी लाल शाईने त्याचे ‘करतो आहे’, ‘जातो आहे’ करीत आलो. पण तूप, अण्णा, अक्का हेही कानडीतूनच आलेले सांगतात, आणि त्यांवर मी कधी रेघ मारली नाही. ते आधीच सर्वमान्य झाले होते ना! परीक्षेपुरते मुलांना प्रमाण रूप यायलाच हवे, यावर मी आजही ठाम आहे. मात्र त्या वहीत मी बुजवलेली भोके किती, याचा हिशेब मला कधी करावासा वाटला नव्हता.

असो. मोटारींकडे वळू. चकाकीचा कंटाळा आलेल्यांनी अलीकडे उलटे टोक गाठले आहे. फ्रान्समध्ये रोजे बायों नावाच्या वाहतूक व्यावसायिकाने जमवलेल्या साठेक जुन्या गाड्या २०१४ साली उघडकीस आल्या. वर्षानुवर्षे शेडमध्ये पडून, कित्येक पार गंजलेल्या. त्यांत फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर होती, एकेकाळी नट आलँ दलों याच्याकडे असलेली. तिच्या अंगावर जुन्या मासिकांचे गठ्ठे रचलेले होते. २०१५च्या फेब्रुवारीत पॅरिसला लिलाव झाला तेव्हा गाड्यांवरची धूळ जाणून-बुजून तशीच ठेवली होती, आणि त्या स्पायडरला सुमारे १ कोटी ६३ लाख युरो मिळाले. धूळ हासुद्धा एक मेकअप झाला की हो! दुर्लक्षाला परंपरा म्हणण्याची ही हौस मला चकाकीहून फारशी वेगळी वाटत नाही. त्या मानाने २०२४ साली पेबल बीचने जे केले ते मोलाचे. जीर्णोद्धार न केलेल्या १९३४च्या एका बुगात्तीला तिथे प्रथमच सर्वोच्च मान मिळाला. गाडी फ्रान्समध्ये घडलेली, पण एत्तोरे बुगात्ती जन्माने मिलानोचा. तिचा काळा रंग विटलेला, ठिकठिकाणी तडकलेला. आणि ती चालू स्थितीत होती. मात्र ही गाडीसुद्धा एकेकाळी बेल्जियमच्या राजाकडे होती, हे नमूद करणे भाग आहे. राजाचा रंग विटला तरी राजाचाच.

चालू स्थितीत, हा मुद्दा महत्त्वाचा. पोथी कपाटात राहिली तर निदान वाळवीपासून वाचवता येते. गाडी उभी राहिली की मरते. रबरी सील वाळतात, टाकीत पेट्रोलचा चिकटा होतो, कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे तुंबतात. ती जिवंत ठेवायची तर चालवावी लागते, आणि चालवली की झिजते. मूळ पिस्टन, मूळ बेअरिंग जपायचे की तिचा आवाज जपायचा? या माणसांच्या प्रेमातली खरी तगमग मला इथे दिसली. कोट्यधीशांबद्दल मी बोलत नाही. हवेचा दाब आणि ओलावा राखलेल्या तळघरात गुंतवणूक म्हणून गाड्या ठेवणाऱ्यांना मी रसिक मानायला तयार नाही. मी बोलतो आहे ते घराच्या पडवीत आल्फाची जुलिएत्ता उघडून बसणाऱ्याबद्दल. शनिवार-रविवार तो गंज खरवडतो, एका दिव्याच्या काचेसाठी चार देशांत पत्रे धाडतो, बायकोची बोलणी खातो. त्याला विकायचे नसते. संध्याकाळी एकदा इंजिन लागले आणि चार कार्ब्युरेटरी घशांतून तो आवाज निघाला की त्याचे वर्ष कारणी लागते.

या आवाजाचा महोत्सव म्हणजे मिल्ले मिलिया. ब्रेशियाहून रोमला जाऊन परत, सुमारे हजार मैल, उघड्या रस्त्यावरून. १९२७ ते १९५७. आज त्या वाटेवर जुन्या गाड्यांची यात्रा निघते, वेग नव्हे तर वेळेची अचूकता मोजणारी, १९७७ पासून. मूळ शर्यतीत उतरलेल्या जातीच्याच गाड्यांना तिथे प्रवेश. गावोगावी लोक दुतर्फा उभे राहून हात हलवतात. वर्णने वाचताना मीही रंगून गेलो होतो. पण १९५७ला शर्यत बंद का पडली? गुईदिज्जोलो गावाजवळ अल्फोन्सो दे पोर्तागोची फेरारी टायर फुटून उडाली. तो, त्याचा साथीदार आणि बघायला उभी असलेली नऊ माणसे गेली, त्यांत पाच मुले. एवढ्या जाड पुस्तकांत पोर्तागोचे छायाचित्र पानभर आहे. त्या मुलांची नावे मी शोधत राहिलो. मुलाने दिलेल्या ढिगात ती मिळाली नाहीत.

आणखी एक गंमत. ज्याच्या नावाने हे सारे चालले त्या एन्झो फेरारीला जुन्या गाड्यांचे काडीचेही कौतुक नव्हते. हंगाम संपला की विकून टाकायच्या किंवा मोडायच्या. १९६१ साली फिल हिल ज्या ‘शार्कच्या नाकाच्या’ १५६ गाडीवर जगज्जेता झाला, त्या जातीची एकही मूळ गाडी आज शिल्लक नाही. सगळ्या भंगारात गेल्या. आज दिसतात त्या नकला. आता त्याच कंपनीचा विभाग इंजिन आणि सांगाड्यावरचे आकडे जुळवून गाडी अस्सल असल्याचे प्रमाणपत्र देतो, आणि २०१९ साली बोलोन्याच्या न्यायालयाने २५० जीटीओचे रूप ही कलाकृती असल्याचे मान्य करून नकलांविरुद्ध कंपनीला संरक्षण दिले. कलाकृती ती आहेच. माझी ना नाही. फक्त कवीने फाडून टाकलेल्या कागदांवर त्याच्या वारसांनी शिक्के मारीत बसावे, असे काहीसे ते दृश्य दिसते.

सुट्टी संपताना पुस्तके परत करायला मी डॉक्टरांच्या घरी गेलो. मुलगा बंगळूरहून आलेला होता. मॅक्क्वीनच्या रंगाचा विषय मी काढला. तो हुशार आहे. पुढचे मला बोलावेच लागले नाही. बराच वेळ गप्प बसून म्हणाला, “सर, पुन्हा भोक पाडू का? जागा मला माहीत आहे. जुना फोटो आहे.”

काकू आतून पोह्यांच्या बश्या घेऊन येत होत्या. त्यांनी ऐकले असावे. म्हणाल्या, “नको रे. तू पाडलेलं ते तुझं भोक होईल. यांचं कसं होईल?” मग बशी माझ्या हातात देत म्हणाल्या, “मी त्याला पुढच्या खणात ठेवलाय, रुमालात. वळणावर वाजतो जरा.”